फुंकरीचं तीर्थ

"फुंक गो बाय. वरवर नको, पोटातून फुंक. आत दडून बसलाय, त्याला बाहेर काढ."

हा आवाज अजून माझ्या कानात आहे. मऊ, ओलसर, कसलीच घाई नसलेला. 'गो बाय' एवढे दोन शब्द श्वासानंद महाराजांनी आमच्याकडून उचलले होते. बाकीची भाषा पुस्तकातली. कोणी म्हणे घाटावरून आले, कोणी म्हणे आधी कुणकेश्वराला समुद्राकाठी बसत. आमच्या गावात ते सत्यवानाच्या कलमांच्या बागेत उतरले आणि बासष्ट सालचा सगळा उन्हाळा तिथेच राहिले.

त्या दिवशी फुंकत होती ती सुगंधा. माझ्या शेजारची. नवरा लवू बोटीवर खलाशी, वर्षातून एकदा घरी. पदरात एक लहान मुलगी. सुगंधाला क्षय झाल्याचं कट्टा या बाजारगावच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि रोजची सुई सुरू केली होती. ती सुई चांगली लागू पडत होती. ताप उतरला होता, पेज गोड लागू लागली होती. आणि नेमकं तेव्हाच सत्यवानाने तिला बागेत नेलं.

मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. धामापुराकडून, मालवणाकडून माणसं आलेली. बाबू सोडेवाला तर कट्ट्याचं दुकान बंद ठेवून बाटल्यांची पेटीच घेऊन येऊन बसलेला, कारण गर्दी त्याला इथे जास्त. महाराजांपुढे दोन कळशा, एक पितळेची, एक तांब्याची. पितळेच्या कळशीतलं तीर्थ त्यांनी वाटीत ओतलं. आरशासारखं स्वच्छ. त्यात बाटलीतून पाकासारखे दाट चार थेंब टाकले. "हे तेलाचं सत्त्व." मग चिमूटभर पांढरी पूड. "आणि हे बीज. हे काही करत नाही, बरं का. हे फक्त मध्यस्थ आहे. रोग आणि श्वास एकमेकांत अडकलेत, त्यांची फारकत हा लावून देतो आणि स्वतः तसाच्या तसा राहतो. मुंबईच्या प्रयोगशाळेत जे आज चाललंय ते आमच्या परंपरेत केव्हापासून आहे!"

सत्यवानाने हात जोडून गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या लेकराच्या छातीत जो काय बसलेलो आसा, तो भायर काढून टाक रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!" मांडव गरजला.

सुगंधाच्या तोंडात पपईच्या पानाचा पोकळ देठ दिला. ती फुंकू लागली. बुडबुडे आले. आणि बघता बघता पाणी धुरकट झालं, मग ताकासारखं पांढरं.

"बघा! बघा कसलं साठलं होतं आत!" महाराज वाटी उंच धरून म्हणाले. बायकांनी तोंडावर पदर घेतले. "आता थांबायचं नाही. फुंकत राहा. हे जळून जाईपर्यंत."

सुगंधा फुंकत राहिली. फुंकणं म्हणजे काय, ते क्षयाच्या माणसाला विचारावं. मधे खोकल्याची उबळ आली, ती वाकली, पदरात तोंड खुपसलं, पुन्हा देठ तोंडात घेतला. तिच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. मी उठून जायला निघाले, तर मागून वाडीतल्या राधाबाईने हात धरला. "गप बस गो. आता निवळतला."

आणि निवळलं. पांढरं पाणी हळूहळू पुन्हा स्वच्छ झालं. मग महाराजांनी तांब्याच्या कळशीतलं पाणी दुसऱ्या वाटीत घेतलं, स्वतः त्यात सावकाश फुंकर घातली. पाणी ढिम्म. जसंच्या तसं. "निरोगी श्वासाने तीर्थ ढळत नाही. पटलं?"

"व्हय म्हाराजा!"

मीही म्हणाले. खोटं कशाला सांगू? माझे सोमवार आहेत, रोजचा तुळशीचा नेम आहे, धामापूरच्या भगवतीच्या नावाने दिवा लावल्याशिवाय मी पाणी घेत नाही. चमत्कार होत असेल तर तो मला नको होता असं नाही. शेजारणीचं पोर आईवाचून राहू नये, एवढंच मला हवं होतं.

तीर्थाची एकेक बाटली घरोघर दिली होती. आमच्याही घरी आली. मी ती पंचपात्रात ओतून देवांपुढे ठेवली. दुसऱ्या दिवशी पूजेला बसले तर तीर्थावर साय. दुधावर येते तशी नव्हे. पातळ, कोरडी, बोट लावलं की कुरकुरीत पापुद्र्यासारखी मोडणारी.

ती साय माझ्या ओळखीची होती. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई मला चुन्याची निवळी करायला शिकवत. कळीचा चुना पाण्यात कालवायचा, खाली बसू द्यायचा, वरचं स्वच्छ पाणी अलगद काढून घ्यायचं. पोराचं पोट बिघडलं तर चमचाभर, भाजलं तर खोबरेलात फेटून. आणि दर वेळी बजावायच्या, "झाकून ठेव गो तिका. वारो लागलो तर साय धरता." उघडी निवळी म्हणजे घरच्या सुनेचा आळस, असं त्यांचं गणित.

मी तीर्थाचं बोट जिभेला लावलं. पानात चुना जास्त झाला की जीभ जशी खरखरते, तशी खरखरली.

पहिलं मनात आलं ते हे, की तीर्थावर संशय घेतला, आता देवाची क्षमा मागावी. मागितली. पण साय काही गेली नाही.

त्याच आठवड्यात विमला आली. माझ्या भावाची मुलगी. मुंबईत रसायनशास्त्र शिकून एका तेलाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागलेली. मे महिन्यात दरवर्षी माझ्याकडे येते. मी तिला बागेतली हकिगत सांगितली. महाराजांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. 'मध्यस्थ' म्हटल्याबरोबर तिच्या हातातला कप खाली आला.

"आते, हा शब्द माझा आहे."

"तुझा म्हणजे?"

"गेल्या वर्षी तुझ्याच पडवीत बसून मी सांगत होते. सत्यवानकाका पान खात बसले होते समोर. त्यांनीच विचारलं, चेडवा, तू मुंबैत करतंस तरी काय?"

मग मला आठवलं. विमलाने तेव्हा सांगितलं होतं की झाडाच्या तेलापासून काही पातळ पदार्थ काढतात. आपण श्वासातून सोडतो तो वायू त्यांत कोंडतात. पण नुसते शेजारी ठेवले तर ते एकमेकांकडे ढुंकूनही बघत नाहीत. म्हणून तिसराच एक पदार्थ चिमूटभर घालायचा. सोयरीक जमवणाऱ्या मध्यस्थासारखा तो दोघांना जोडून देतो आणि आपण तसाच मोकळा राहतो, पुढची सोयरीक जमवायला. त्याला पुस्तकात उत्प्रेरक म्हणतात. जोडून जे तयार होतं ते कार्बोनेट. आम्ही सगळे हसलो होतो. मध्यस्थ म्हणे!

"खरं आहे ते?" मी विचारलं.

"अगदी खरं. पण त्याला जाड पोलादी भांडं लागतं, दाब लागतो, आच लागते, तासन् तास लागतात. आणि तरी पुष्कळदा काहीच होत नाही आणि आम्ही तोंड पाडून घरी जातो." तिने कप दूर सारला. "माझं खरं त्यांनी त्यांच्या खोट्याला पांघरायला नेलं, आते. सुगंधावैनी सुई घेते ना अजून?"

मी मान हलवली. नव्हती घेत. महाराजांनी सांगितलं होतं, सुई टोचली की तीर्थ रुसतं.

वाडीतल्या शंकरची गोष्ट तेव्हा ताजी होती. त्यालाही क्षय. त्याचंही पाणी निवळलं होतं. त्याला हार घालून वाजत घरी आणलं होतं. आंबे उतरायच्या आत तो गेला. महाराज म्हणाले, त्याच्या मनात औषधाचा विचार होता. आणि लोकांनी ते ऐकून घेतलं. मला सर्वांत भीती वाटली ती याची. माणूस गेला तरी दोष जाणाऱ्याच्याच माथी.

मी आणि विमला बागेत गेलो. गर्दी तशीच. माझ्या नेमधर्मामुळे लोक मला वाट देतात. त्या दिवशी मी त्या मानाचा उपयोग केला आणि थेट महाराजांपुढे जाऊन बसले. विमला माझ्या शेजारी.

"महाराज," ती अगदी नम्रपणे म्हणाली, "तुमचं तीर्थ बघायला आले. मी मुंबईच्या प्रयोगशाळेतली."

महाराजांचा चेहरा उजळला. "पाहिलंत? विज्ञान स्वतः चालत आलं!"

"एक विनंती. तेलाचं सत्त्व न घालता एकदा करू या?"

"सत्त्वाशिवाय?"

"आपलां सहज. बघू तरी."

लोकांत कुजबुज झाली. महाराज हसले, पण बाटलीकडे गेलेला हात मागे आला. पितळेच्या कळशीतलं तीर्थ वाटीत घेऊन विमलाने नुसती पूड टाकली आणि देठातून फुंकर घातली. पाणी पांढरं झालं.

"बघा, हिच्यातही रोग..." महाराजांनी सुरुवात केली.

"असेल. आता बीजसुद्धा नको." तिने दुसरी वाटी घेतली. नुसतं तीर्थ. फुंकर. पांढरं. "महाराज, मी ज्या मध्यस्थाबरोबर काम करते ना, त्याला काढून घेतलं तर सोयरीक जमत नाही. तुमच्याला काढून घेतलं तरी लग्न लागतंच आहे. मग हा मध्यस्थ कसला? हा तर जेवणापुरता आलेला पाहुणा!"

मागून कोणीतरी फिसकन हसलं. सत्यवान उभा राहिला. "विमला, महाराजांची चेष्टा करू नको. तुका पण आजार आसतलो. मुंबैची हवा ती."

"आसतलो काका. माझ्या छातीचा फोटो काढून घेईन. पण आधी आणखी एकाचा आजार बघू." ती वळली. "बाबूकाका, एक सोडा द्या."

बाबूने गोटी दाबली, बाटली फसफसली. विमलाने नव्या वाटीत तीर्थ घेतलं आणि त्यात सोड्याची बारीक धार सोडली. न फुंकता, न शिवता वाटी पांढरीफटक झाली. तिने धार चालूच ठेवली. पांढरं विरळ झालं, आणि पाणी निवळलं.

"अगो आवशी!" बाबू ओरडला. "माज्या सोड्याक क्षय? आता माजो सोडो पितलो कोण?"

"घाबरू नको बाबू," राधाबाई म्हणाली, "बरो पण झालो मरे तो!"

हशा उसळला. पण त्या हशात मला सुगंधा दिसली. मांडवाच्या कोपऱ्यात, मुलीला मांडीवर घेऊन. ती हसत नव्हती. ती त्या वाटीकडे असं बघत होती, जणू तिच्या हातातलं कोणी काढून घेतंय.

विमलाही मग हसायची थांबली. ती सरळ सुगंधाकडे बघून सावकाश सांगू लागली. "वैनी, ह्यां तीर्थ म्हणजे चुन्याची निवळी. तुमच्या आमच्या घरातली. आपल्या सगळ्यांच्या श्वासात एक वायू असतो. सोड्यात कोंडून भरतात तोच. तो निवळीत गेला की तिच्यात विरघळलेल्या चुन्याशी जुळतो आणि बारीक पांढरा गाळ होतो. कार्बोनेट. शिंपल्यात, खडूत असतं तेच. अजून वायू गेला की तो गाळ पुन्हा विरघळतो, म्हणून निवळतं. रोग बाहेरही पडत नाही आणि जळतही नाही. त्या सत्त्वाचं नाव ग्लिसरीन. तेलापासून निघतं एवढं खरं, आणि औषधाच्या दुकानात मिळतं. बीज मी आताच चाखलं. मीठ आहे."

"शब्दांचे खेळ!" महाराजांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "माझ्या श्वासाने का नाही ढळत मग?"

"वाट्या बदलू या?" विमला म्हणाली. "तुम्ही पितळेच्या कळशीतलं घ्या. मी तांब्याच्या कळशीतलं, साधं पाणी घेते."

महाराजांनी कमंडलू जवळ ओढला. मी उठले. पितळेच्या कळशीतून वाटी भरली आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरली, नैवेद्य धरतात तशी. "घ्या महाराज. फुंका. पोटातून."

त्यांनी वाटीला हात लावला नाही. "अश्रद्धांच्या पंगतीत मी बसत नाही," म्हणाले, आणि कमंडलू उचलून बागेतल्या खोपीकडे चालू लागले.

"थांबा, अजून एक वाटी ऱ्हवली," बाबू सोडेवाला म्हणाला. त्याला आता चेव आला होता. सुगंधाच्या त्या दिवशीच्या फुंकरीने निवळलेली वाटी, बरी झाल्याची खूण म्हणून, तुळशीची पानं घालून मांडवात ठेवलेली होती. विमलाने ती मांडवातल्या चहाच्या चुलीवर ठेवली. पाणी तापलं, आणि उकळी फुटता फुटता त्यात पुन्हा पांढरा धूर दाटला.

"रोग जळून गेला होता ना?" विमला म्हणाली. "मग चुलीवर परत कुठून आला? वायू उकळून उडाला, गाळ उरला. एवढंच."

सत्यवान खाली बघत राहिला. काही माणसं चिडून निघून गेली. राधाबाईने मात्र निघताना आपली बाटली पदराखाली घेतली ती घेतलीच. "असां कसां गो, थोडां तरी खरां असतला," असं ती मला वाटेत म्हणाली. महाराज दुसऱ्या दिवशी गावात नव्हते. दुसऱ्या कुठल्या तरी गावात असतील. तिथेही चुना मिळतोच.

मला लोक विचारतात, तू एवढी देवाधर्माची, आणि तूच वाटी पुढे केलीस? मी म्हणते, म्हणूनच केली. माझा देव मला रोज सकाळी दिसतो, त्याला पांढरं होऊन दाखवावं लागत नाही. जो चमत्कार दाखवून औषध बंद करायला सांगतो, त्याला आधी एवढंच विचारा: वाट्या बदलाल का? एक एक वस्तू काढून बघू द्याल का? खरं असेल ते तपासण्याला भीत नाही. आणि जे तपासू देत नाही, त्याच्यापुढे हात जोडायचे असतील तर जोडा, पण आजारी माणसाला त्याच्यापुढे बसवू नका. ही माझी विनवणी आहे.

एवढ्यावर गोष्ट संपायला हवी होती. नाही संपली.

त्याच संध्याकाळी मी आणि विमला सुगंधाकडे गेलो. विमला आधी कट्ट्याला जाऊन डॉक्टरांना भेटून आली होती. डॉक्टर रागावले नव्हते. त्याने मला जास्त काळजी वाटली. सुई मधेच सोडली की रोग दांडगा होतो, म्हणाले. पुन्हा तीच सुई चालेल का, सांगता येत नाही. पण लगेच आली तर आशा आहे. लगेच.

सुगंधा पडवीत खांबाला टेकून बसली होती. मुलगी तिच्या पायाशी करवंटीत वाळू भरत होती.

"समजलां मा तुका सगळां?" मी विचारलं.

"समजलां."

"मग उद्या जावया कट्ट्याक."

तिने मान हलवली. नाही.

"कित्याक गो?"

ती खोकली, श्वास जमवला. "काकी, तेनी माज्याकडसून शपथ घेतली हा. नारळावर हात ठेवक लावलो. सुई घेतलंय तर ह्या चेडवाचा वायट होतला, असां म्हणूक लावल्यानी."

विमला पुढे सरकली. "वैनी, तो माणूसच खोटा होता. पाणी खोटं, बीज खोटं..."

"पाणी खोटां होतां गो बाय," सुगंधा म्हणाली, "पण नारळ तरी खरो होतो मा?"

विमलाने माझ्याकडे बघितलं. ही गाठ निवळीत विरघळणारी नव्हती. मी सुगंधाला समजावलं. म्हटलं, फसवून घेतलेली शपथ ही शपथ नव्हे. आईने औषध घेतलं म्हणून लेकराला शिक्षा करील अशी देवी मी तरी कुठे बघितली नाही. ती ऐकत होती, मान डोलावत होती, आणि तिचा हात मुलीच्या केसांवरून हलत नव्हता. तिला पटत होतं. पण पटणं आणि धीर होणं, यांत अंतर असतं, आणि तिच्या छातीला ते अंतर चालायला सवड नव्हती.

मग मी म्हटलं, "बरां. तू मोडू नको. मी मोडतंय."

"म्हणजे?"

"उद्या सकाळी मी धामापुराक जातंय. भगवतीसमोर उभी ऱ्हवान सांगतंय, ही शपथ सुगंधान मोडूक नाय, मी मोडूक लावलंय. काय व्हया तां माज्या पदरात घाल. चेडवाक बोट लावू नको. मग तरी जाशीत?"

तिने वर बघितलं. डोळे भरून आले होते, पण आवाज निश्चयाचा होता. "तू सांगून इलंस तर जातंय. पण खरांच जातलंस मा? माका बरां वाटाचा म्हणान नाय मा?"

"खरांच जातंय," मी म्हणाले.

परत येताना विमला म्हणाली, "आते, तिथे जायची गरज नाही हे तुला माहीत आहे."

"माहीत आहे."

"मग?"

"तिला वचन दिलंय. आजवर एवढ्या लोकांनी तिला खोटं सांगितलं. त्यांत माझी भर नको."

विमला चालता चालता म्हणाली, "मी सकाळी वैनीकडे जाऊन बसते. तू आलीस की तिघी मिळून कट्ट्याला जाऊ. गाडीत ती माझ्या बाजूला बसेल."

सकाळी उजाडताना मी आंघोळ केली. तुळशीला पाणी घातलं, देवांपुढे दिवा लावला. सुगंधाच्या घरातून खोकल्याचा आवाज येत होता; थांबत होता, पुन्हा येत होता. मी एक नारळ पिशवीत टाकला, दार ओढून घेतलं आणि कोणाला हाक न मारता धामापूरच्या वाटेला लागले.